बारावीनंतरच्या वाटेवर वेळेवरचा मेसेज

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत, १ जूनला, पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते आणि ३१ जुलैपर्यंत रायगडच्या किनाऱ्यावरच्या होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. घरात रोज येणारा पैसा थांबलेला असतो. नेमक्या याच दोन महिन्यांत कॉलेजचा अर्ज, दाखले, फी, वसतिगृह असे सगळे एकदम समोर येते. मुरूड, श्रीवर्धन, अलिबाग, उरण यांपैकी कुठल्याही तालुक्यातल्या गावात चौकशी करा. चांगल्या गुणांनी पास झालेली, पुढे शिकायचे ठरवलेली, घरच्यांचीही हरकत नसलेली मुले-मुली ऑगस्ट उजाडेपर्यंत घरीच राहिलेली दिसतील. कुणाच्या नॉन क्रीमीलेअरची मुदत संपलेली असते, कुणाचा ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर गेलेला असतो, कुणाला गुणवत्ता यादी लागल्याचे तिसऱ्या दिवशी कळलेले असते.

ही गळती हुशारी कमी पडल्यामुळे होत नाही. माहिती वेळेवर न पोहोचल्यामुळे आणि पोहोचली तरी अडलेल्या ठिकाणी विचारायला कुणी नसल्यामुळे होते. म्हणूनच ती थांबवणे आपल्या हातात आहे. हा लेख त्यासाठीच आहे. तो शाळा-ज्युनिअर कॉलेजच्या शिक्षकांसाठी आहे, तसाच गावातल्या ग्रंथपालांसाठी, बचत गटातल्या ताईंसाठी, आणि शिकून नोकरीला लागलेल्या दादा-ताईंसाठीही आहे. तुमच्याकडे एक साधा फोन आणि आठवड्यातले दोन-तीन तास असतील, तर दहा-पंधरा मुलांना कॉलेजच्या दारापर्यंत नेता येते.

मेसेज कुणाचा, हे सर्वांत महत्त्वाचे

या विषयावर जगात बरेच काम झाले आहे, आणि त्यातून मिळालेला धडा आपल्या उपयोगाचा आहे. अमेरिकेत बेंजामिन कॅसलमन आणि लिंडसे पेज या संशोधकांनी २०१२ च्या उन्हाळ्यात डॅलस, लॉरेन्स आणि स्प्रिंगफील्ड या शहरांतल्या शाळा संपवलेल्या मुलांना मोजके मेसेज पाठवले. प्रत्येक मेसेजमध्ये पुढचे एक काम होते, आणि अडचण आली तर समुपदेशकाशी बोलण्याची सोय होती. ज्या मुलांना दुसरीकडून फारशी मदत मिळत नव्हती, त्यांच्यात कॉलेजला जाण्याचे प्रमाण वाढले. पुढे हीच कल्पना देशभरात ८ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांवर, मोठ्या संस्थांच्या नावाने पाठवलेल्या मेसेजमधून वापरून पाहण्यात आली. त्याचा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. आफ्रिकेतल्या बोट्स्वानामध्ये २०२० च्या शाळाबंदीत असेच दिसले. नुसत्या मेसेजने मुलांच्या गणितात फारसा फरक पडला नाही, पण मेसेजच्या जोडीला आठवड्याला एक फोन केला तेव्हा ठळक फरक पडला.

आपल्या राज्यातही २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या उपक्रमातून रोज अभ्यासाचे मेसेज गावोगाव गेले. प्रथम संस्थेनेही एसएमएस आणि व्हॉट्सअॅपवरून मुलांसाठी कृती पाठवल्या. मेसेज घरापर्यंत नेता येतो, हे तेव्हा सिद्ध झाले. तो घरात शिरल्यावर त्याचे काय होते, हे मात्र पाठवणाऱ्यावर अवलंबून असते. ओळखीच्या माणसाचा, नावानिशी आलेला मेसेज उघडला जातो आणि त्याला उत्तर येते. सरकारी यंत्रणेकडूनही मुलांना मेसेज येतातच, पण तिथे उलट विचारता येत नाही. तुमचे काम तिथून सुरू होते.

सुरुवात यादीपासून

बारावीचे वर्ग सुरू झाले की एक वही करा. प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवा. त्यात पुढील गोष्टी लिहा: शाखा, पुढे काय करायचे आहे, जातीचा दाखला आहे का, जात वैधता आहे का, आधारला कोणता मोबाइल नंबर जोडला आहे, तो नंबर कुणाच्या खिशात असतो, बँक खाते कुणाच्या नावाचे आहे, घरात वाचता कुणाला येते.

‘नंबर कुणाच्या खिशात’ हा प्रश्न किनाऱ्यावर फार मोलाचा आहे. घरातला एकमेव आधार-जोडलेला नंबर वडिलांचा असेल आणि ते ट्रॉलरवर खलाशी म्हणून जात असतील, तर किनाऱ्यापासून दूर गेल्यावर फोनला रेंज नसते. मार्च-एप्रिलमध्ये अर्ज भरताना ओटीपी येणार तो त्याच फोनवर, आणि होडी परत येईपर्यंत काम अडणार. दिवाळीच्या सुट्टीत आधार केंद्रात जाऊन मुलाचा किंवा आईचा नंबर जोडून घेतला, तर ही अडचण कायमची मिटते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलग्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. म्हणजे मुलीला पाठवलेला मेसेज बहुधा भावाच्या किंवा वडिलांच्या फोनवर जाणार. तो घरातल्या कुणीही वाचला तरी चालेल असाच लिहा, आणि घरच्यांना आधी भेटून सांगा की मेसेज येणार आहेत, ते तिच्यापर्यंत पोहोचवा.

पालकांची परवानगी लेखी घ्या. बारावीतली बरीच मुले अठराच्या आतली असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अशा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. अर्ध्या पानाचे साधे पत्र पुरे: आम्ही नंबर कशासाठी वापरणार, कुणाला देणार नाही, आणि नको असेल तेव्हा कसे थांबवायचे.

एसएमएस की व्हॉट्सअॅप?

दोन्ही, पण प्रत्येकाचे काम वेगळे ठेवा. एसएमएसला इंटरनेट लागत नाही. तो बटणाच्या फोनवरही येतो आणि डेटा संपला तरी येतो. म्हणून तारीख चुकू नये अशी प्रत्येक गोष्ट एसएमएसने पाठवा. अर्जाचा नमुना, दाखल्याचा फोटो, आवाजातला निरोप यांसाठी व्हॉट्सअॅप वापरा. ज्या आईला वाचता येत नाही तिला लेखी मेसेज पाठवून उपयोग नाही. तिच्यासाठी अर्ध्या मिनिटाचा आवाजातला निरोप ठेवा.

एसएमएस देवनागरीत लिहिला तर एका मेसेजमध्ये ७० चिन्हे मावतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. ‘दाखला’ हा तीन अक्षरांचा शब्द पाच चिन्हे खातो. रोमन लिपीत मराठी लिहिले तर १६० चिन्हे मिळतात. लांब मेसेज तुकडे होऊन जातो आणि त्याचे पैसेही जास्त लागू शकतात. मुलांना रोमन मराठी सहज वाचता येते. पालकांसाठी देवनागरी ठेवा.

व्हॉट्सअॅपचा ग्रुप शक्यतो टाळा. ग्रुपमध्ये प्रत्येक मुलीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि महत्त्वाचा निरोप शुभेच्छांच्या चित्रांखाली दबून जातो. त्याऐवजी ब्रॉडकास्ट लिस्ट करा. तीत २५६ जणांपर्यंत निरोप जातो, प्रत्येकाला तो वैयक्तिक म्हणून मिळतो आणि उत्तर फक्त तुम्हाला येते. मात्र ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यालाच तो पोहोचतो. म्हणून पहिल्याच भेटीत समोर बसवून नंबर साठवून घ्या.

संस्थेच्या नावाने शेकडो मेसेज एकदम पाठवायचे असतील, तर ट्रायच्या नियमांप्रमाणे संस्थेची आणि मेसेजच्या मजकुराची आधी नोंदणी करावी लागते. दहा-वीस मुलांसाठी स्वतःच्या फोनवरून एकेकाला लिहिणे सोपे आणि जास्त परिणामकारक आहे.

पावसाळ्याचा विचार आधीच करा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागात वीज आणि मोबाइल दोन्ही कोलमडले, आणि अनेक गावांत ते सुरळीत व्हायला बरेच दिवस लागले. प्रत्येक वाडीतला एक घरगुती पत्ता वहीत लिहून ठेवा. फोन लागला नाही तर निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर किंवा शेजारच्या मुलाबरोबर तिथे जाईल.

मेसेज कसा लिहावा

हा मेसेज पाहा: ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की प्रवेश प्रक्रियेसाठी आवश्यक कागदपत्रांची पूर्तता विहित मुदतीत करावी.’ यात कुणाला, काय, कुठे आणि कधी, यांपैकी एकही उत्तर नाही. वाचणाऱ्याला फक्त धास्ती वाटते.

आता हा पाहा: ‘सायली, जात वैधता अर्जाची पावती मिळाली का? हो/नाही कळव.’ हा सत्तर चिन्हांत बसतो, तिच्या नावाने आहे, एकच गोष्ट विचारतो आणि एका शब्दात उत्तर देता येते. ‘नाही’ असे उत्तर आले की तुमचे पुढचे काम तुम्हाला कळते. तिला फोन करा, काय अडले ते विचारा, आणि दुसरा मेसेज पाठवा: ‘उद्या ११ वाजता सेवा केंद्रात ये. आधार, शाळेचा दाखला आण.’

काही नियम पाळा. एका मेसेजमध्ये एकच काम. तारखेबरोबर वार लिहा, कारण गावात दिवस वारावरून लक्षात राहतात. मुदतीच्या दहा दिवस आधी पहिला मेसेज, तीन दिवस आधी दुसरा, आदल्या दिवशी फक्त ज्यांचे काम राहिले त्यांनाच तिसरा. आठवड्याला दोनपेक्षा जास्त नकोत. सारखे मेसेज आले की मुले उघडणे बंद करतात. ‘चुकलास तर वर्ष गेले’ अशी भीती घालू नका. काम झाले की ‘छान, एक टप्पा पार पडला’ असे आवर्जून लिहा. घरातून कॉलेजला जाणारी ती पहिलीच असेल, तर हे शब्द तिला फार बळ देतात.

वर्षाचे वेळापत्रक

*जून ते ऑगस्ट.* अभियांत्रिकी, फार्मसी, नर्सिंग अशा अभ्यासक्रमांना राखीव प्रवर्गातून जायचे असेल, तर जात वैधतेचा अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच कॉलेजमार्फत जायला हवा. त्याला महिने लागतात. जुने पुरावे शोधणे हेच यातले खरे काम आहे. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची नोंद महत्त्वाची ठरते. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना १४, तहसीलमध्ये शोधाव्या लागतात. मासेमारी बंदीत वडील घरी असतात. या शोधासाठी हेच दिवस योग्य. पहिला मेसेज मुलाला नव्हे, वडिलांना करा.

*सप्टेंबर ते नोव्हेंबर.* आधार, शाळेचा दाखला आणि बँक खाते या तिन्हींवर नाव व जन्मतारीख सारखी आहे का ते तपासायला सांगा. खाते आधारशी जोडलेले आहे का, हे बँकेत जाऊन विचारावे, कारण शिष्यवृत्तीचे पैसे आधार-जोडलेल्या खात्यातच येतात. कातकरी वाड्यांवरची अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. त्यांचे रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला यांच्या प्रती ते निघायच्या आधी मिळवून ठेवा, आणि भट्टीवर चालणारा एक नंबर घेऊन ठेवा. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांसाठी पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी आधीच संपर्क ठेवला, तर पुढे वसतिगृह आणि ‘स्वयं’ या निर्वाह भत्त्याच्या योजनेचे काम हलके होते.

*डिसेंबर ते फेब्रुवारी.* सीईटी आणि नीटचे अर्ज. अर्ज भरताना वापरलेला ईमेल आणि पासवर्ड मुलाने स्वतःच्या वहीत लिहावा, असा मेसेज त्याच दिवशी पाठवा. सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवरून भरलेला अर्ज पुढे मुलाच्या हातात राहत नाही.

*मार्च-एप्रिल.* बारावीची परीक्षा संपली की दाखल्यांचा महिना. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन क्रीमीलेअर हे सगळे ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातून निघतात. नॉन क्रीमीलेअरवरची वैधतेची तारीख पाहायला सांगा. ते प्रवेशानंतरच्या ३१ मार्चपर्यंत चालणारे हवे. विद्यार्थ्यांच्या अशा दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रावरचे ५०० रुपयांचे मुद्रांक शुल्क शासनाने मार्च २०२५ मध्ये माफ केले आहे, हेही पालकांना कळवा. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याचे पैसे याच सुमारास हातात येतात. ‘प्रवेशाच्या वेळी अंदाजे इतके लागतील’ असा मेसेज आत्ताच गेला, तर घर त्यातून बाजूला काढून ठेवते. जूनमध्ये तोच आकडा कळला तर कर्ज काढावे लागते.

सीईटीचे केंद्र पनवेल-नवी मुंबईकडे आले आणि पेपर सकाळचा असला, तर श्रीवर्धन किंवा मुरूडहून त्याच दिवशी निघून चालत नाही. आदल्या दिवशीची एसटी, मुक्कामाचे घर आणि सोबत कोण, हे तिन्ही मेसेजने विचारून पक्के करा.

*मे ते जुलै.* हे कसोटीचे आठवडे. आपली कॉलेजे मुंबई विद्यापीठाखाली येतात. बीए, बीकॉम, बीएस्सीसाठी विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेशपूर्व नोंदणी आणि कॉलेजचा स्वतःचा अर्ज, अशी दोन वेगळी कामे असतात. एक केले की झाले असे समजून मुले थांबतात, म्हणून दोन वेगळे मेसेज करा. गुणवत्ता यादी लागली की फी भरून जागा पक्की करायला मोजकेच दिवस मिळतात; त्या दिवशी मेसेजवर थांबू नका, सरळ फोन करा.

मुलींना एक गोष्ट हमखास सांगा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतून केंद्रीभूत प्रक्रियेने व्यावसायिक अभ्यासक्रमात प्रवेश घेणाऱ्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरते. फीच्या धास्तीने लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा पर्याय सोडून देणाऱ्या मुलीला हा एक मेसेज वेळेवर मिळायला हवा.

दहावीनंतरच्या मुलांनाही याच दिवसांत हात द्या. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. दहापर्यंत पसंतीची कॉलेजे भरता येतात, पण पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाल्यावर तिथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. रोज जाणे-येणे जमणार नाही अशा लांबच्या कॉलेजचे नाव कुणाच्या सांगण्यावरून पहिल्या क्रमांकावर टाकू नये. अर्ज लॉक करण्याआधी ‘पहिले नाव कोणते टाकलेस?’ एवढे विचाराच.

*ऑगस्ट ते डिसेंबर.* प्रवेश झाला म्हणजे तुमचे काम संपले नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, एसटीचा सवलतीचा पास, वसतिगृह किंवा निर्वाह भत्त्याच्या योजना ही कामे आता येतात. शहरात गेलेल्या मुलाला पहिल्या महिन्यात एकटे वाटते, इंग्रजीतले तास डोक्यावरून जातात, घरी परतावेसे वाटते. ‘जेवण कसे आहे? वर्गात कुणाशी ओळख झाली?’ असा कामाशी संबंध नसलेला मेसेज आता पाठवा. मागच्या वर्षी त्याच कॉलेजला गेलेल्या गावातल्या दादाचा किंवा ताईचा नंबर, त्यांना विचारून, द्या.

आणि ज्यांचा प्रवेश हुकला, त्यांना विसरू नका. मुंबई विद्यापीठाचे दूरशिक्षण, यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, आयटीआय, उशिराच्या फेऱ्यांत रिकाम्या राहिलेल्या जागा: पुढचा मार्ग कोणता, एवढे त्यांना ऑगस्टमध्येच कळायला हवे. वर्षभर घरी बसलेल्या मुलीला पुन्हा बाहेर काढणे फार अवघड जाते.

सावधगिरी

ओटीपी, पासवर्ड, आधारचा फोटो मेसेजवर मागू नका. पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की मी या गोष्टी कधीच मागणार नाही. माझ्या नावाने कुणी मागितल्या तर देऊ नका. ‘पैसे भरा, सीट पक्की करतो’ असे सांगणारे दलाल निकालानंतर गावात फिरतात, त्यांच्याबद्दलही मे महिन्यातच सावध करा. कुठलीही तारीख पुढे पाठवण्याआधी ती सीईटी सेल, विद्यापीठ किंवा कॉलेजच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः पाहा. फिरत आलेला निरोप तसाच पुढे ढकलू नका. तारीख बदलली तर ‘जुनी तारीख रद्द’ असे स्पष्ट लिहा.

मुलींशी मेसेजवर बोलण्यासाठी शक्यतो एखादी शिक्षिका किंवा ताई असावी. रात्री नऊनंतर मेसेज पाठवू नये. कुणी घरच्या लग्नाच्या दबावाबद्दल किंवा निराशेबद्दल लिहिले, तर त्याला मेसेजवर उत्तर देत बसू नका. त्याच दिवशी भेटा, आणि विश्वासातल्या शिक्षकांना व गरज पडल्यास तज्ज्ञांना सोबत घ्या.

या वर्षी किती मुले?

पहिल्या वर्षी दहा मुले पुरेत. शंभर नंबर गोळा केले तर तुम्ही फक्त सूचना पाठवाल. दहा असतील तर प्रत्येकाचे काय अडले आहे ते तुम्हाला ठाऊक राहील, आणि मेसेजचा खरा उपयोग तेवढ्यावरच अवलंबून आहे. वर्षअखेरीस वहीत तीन गोष्टी मोजा: किती जणांनी उत्तरे दिली, किती जण कोणत्या कामावर अडले, आणि सप्टेंबरमध्ये किती जण प्रत्यक्ष वर्गात बसले. जिथे सगळ्यात जास्त मुले अडली, ते काम पुढच्या वर्षी दोन महिने आधी सुरू करा. कॉलेजला गेलेल्या दहांपैकी दोघांना पुढच्या दहा मुलांची जबाबदारी द्या. त्यांना अर्ज कुठे अडतो ते ताजे आठवत असते, आणि गावातली धाकटी मुले त्यांचे लगेच ऐकतात. आज रात्री वही घ्या, पहिल्या मुलाचे नाव लिहा, आणि उद्या त्याच्या घरी जाऊन नंबर साठवून घ्या.